लोटूनानांचा वेग

नवा मोडेम आला त्या दिवशी नटुभाईंनी तो खोक्यासकट जयश्रीच्या टेबलावर ठेवला आणि खोक्यावरच्या आकड्यावर बोट टेकवून म्हणाले, "जुओ, जयश्रीबेन. छप्पन के."

जयश्रीने मान वर केली. सकाळपासून ती एकाच साडीचे रंग वेगळे करत बसली होती. पदराचा लाल, काठाचा लाल आणि बुट्ट्यांचा लाल कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकसारखे दिसत होते, पण एकसारखे नव्हते. प्रत्येक रंग वेगळा काढून द्यायचा, कारण छपाईला प्रत्येक रंगाची जाळी वेगळी लागते. डोळे चुरचुरत होते. तिला मोडेमपेक्षा चहा आला असता तर जास्त बरं वाटलं असतं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा मार्च होता. उधन्याच्या मेन रोडपासून आत, एका मिलच्या भिंतीला लागून नटुभाईंचा डिझाइन स्टुडिओ होता. खाली कापडाचं गोडाऊन, वर दोन खोल्या, त्यात चार कॉम्प्युटर. साड्यांची डिझाइनं इथे तयार व्हायची आणि अहमदाबादच्या एका कारखान्यात जायची. तो कारखाना त्यांवरून छपाईच्या जाळ्या बनवायचा. जुना मोडेम होता, पण तो इतका सावकाश चालायचा की त्यावरून एखादी चिठ्ठीच पाठवावी. डिझाइनं डिस्कवर भरून माणसाबरोबर जायची.

नटुभाई खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे घेतला. "एक डिझाइन केवढी? सात एमबी. म्हणजे सात हजार के. भागिले छप्पन." त्यांनी आकडा तिच्याकडे वळवला. "एकशे पंचवीस सेकंद. दोन मिनिट! बारा डिझाइन अर्ध्या तासात अहमदाबाद!"

मग ते दाराकडे वळले. दाराशी लोटूनाना ट्रेसिंग पेपरच्या जुन्या गुंडाळ्यांना सुतळी बांधत बसले होते.

"लोटू, एक तारीखथी तारी दोडधाम बंध," नटुभाई म्हणाले.

"बराबर, सेठ," नाना म्हणाले, आणि सुतळीची गाठ मारत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

जयश्रीने मात्र त्यांच्याकडे पाहिलं.

लोटूनाना छप्पन्न वर्षांचे होते. मूळचे शिंदखेड्याकडचे. एकोणीस वर्षं ते नटुभाईंची डिझाइनं अहमदाबादला पोचवत होते. आधी ट्रेसिंगच्या गुंडाळ्या न्यायचे, मग फिल्म, मग फ्लॉपींचे डबे, आणि आता शंभर एमबीची झिप डिस्क. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला ते डिस्क स्टीलच्या डब्यात घालून, तो डबा पिशवीत घालून रेल्वेने निघत आणि रात्री परत येत. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता.

जयश्रीला या कामावर त्यांनीच लावलं होतं. ती आणि तिचा नवरा गजेंद्र गोडादऱ्यात त्यांच्याच गल्लीमागे राहायचे. गजेंद्र लूमवर बारा तास उभा असायचा. सहा वर्षांपूर्वी तिने काढलेलं चित्र पाहून नानाच तिला नटुभाईंकडे घेऊन आले होते. "हात चांगला शे पोरीना, सेठ," एवढंच म्हणाले होते. तेव्हा ती ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून डिझाइनं काढायची. मग कॉम्प्युटर आले आणि तीही शिकली.

अशा माणसाला एका वाक्यात घरी बसवलेलं तिने पाहिलं होतं. निदान तिला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोडेम बसवायला किरण आला. कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानाचा तो इंजिनिअर. वायरी जोडून, अहमदाबादला फोन लावून, दोन्हीकडचे मोडेम एकमेकांशी बोलले एवढं बघून तो दुसऱ्या कामाला पळाला. जयश्रीने पहिली फाइल पाठवायला घेतली. मोडेमने शिट्ट्या मारल्या, खरखर केली आणि पडद्यावर आकडा आला. सव्वीस हजार चारशे.

छप्पन कुठेच नव्हतं.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची होती, ती डावीकडेच होती. चाळीस मिनिटांनी ती उजव्या टोकाच्या जवळ पोचली, आणि खाली गल्लीत कुणीतरी वेल्डिंग सुरू केलं की काय झालं कोण जाणे, लाइन तुटली. फाइल पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पंचेचाळीस मिनिटं लागली. तोवर तिच्या रंगांच्या कामाला हातसुद्धा लागला नव्हता, कारण पाठवताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही केलं की तो अडकायचा.

नटुभाई तीनदा येऊन डोकावून गेले. चौथ्यांदा म्हणाले, "तमे काहीतरी खोटं बटण दाबता, जयश्रीबेन. मशीन खोटुं ना बोले."

"मी काही दाबलं नाही, भाई."

"तो पछी दोन मिनिटांचे पंचेचाळीस कसे थयां?"

आठवडाभर हेच चाललं. सोमवारी-गुरुवारी नाना नेहमीसारखे डिस्क घेऊन जात होते, आणि बाकीच्या दिवशी जयश्री एकेक फाइल ढकलत होती. रंगांचं काम मागे पडलं की ती संध्याकाळी तासभर जास्त बसायची. घरी जाऊन भाकरी थापताना तिच्या कानात ती मोडेमची खरखर वाजत राहायची. गजेंद्र एकदा म्हणाला, "तुझं काम बसून असतं म्हणून मी हेवा करायचो. आता तू माझ्याहून थकलेली दिसतेस." तिने पुढची भाकरी थापायला घेतली. बोलायचाही कंटाळा आला होता.

शनिवारी तिने मोडेमसोबत आलेलं पुस्तक डब्याशेजारी ठेवून जेवता जेवता वाचलं. इंग्रजी तिला अडत अडत यायचं. पुस्तकात एका ठिकाणी लहान बी होता आणि एका ठिकाणी मोठा. आधी तिला वाटलं छपाईची चूक असेल. मग सगळीकडे वेगाच्या आकड्याजवळ लहानच आणि फाइलच्या आकड्याजवळ मोठाच दिसायला लागला, तशी ती जेवण अर्धं टाकून उठली आणि किरणच्या दुकानात फोन लावला.

"भाभी, ते दोन वेगळे आहेत," किरण म्हणाला. "लहान बी म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. फाइल बाइटमध्ये मोजतात आणि मोडेम बिटमध्ये."

"म्हणजे छप्पनला आठने भागायचं?"

"आठने भागा. पण रस्त्यात थोडं वाया जातं, म्हणून मी तर सरळ दहाने भागतो, हिशेबाला सोपं. आणि भाभी, छप्पन विसरा. साध्या फोनवरून साध्या फोनला तेहतीसच्या वर जातच नाही. तुमच्या उधन्याच्या लाइनवर सव्वीस मिळतात हेच खूप."

"हे खोक्यावर का नाही लिहिलं?"

किरण हसला. "खोक्यावर लिहिलं तर विकणार कोण?"

तिने एक जुना ग्राफ पेपर काढला आणि त्याच्या मागे आकडे मांडले. एक बिट म्हणजे या कागदावरचा एक चौकोन, भरलेला किंवा कोरा. असे सव्वीस हजार चौकोन एका सेकंदाला जातात. दहाने भागले की दोन हजार सहाशे बाइट. पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये एका कोपऱ्यात हाच आकडा रोज येत होता, दोन हजार सहाशेच्या आसपास. ती आठवडाभर त्याच्याकडे बघत होती, तो काय सांगतोय हे तिला कळलं नव्हतं. सात एमबी म्हणजे सत्तर लाख बाइट. भागिले सव्वीसशे. दोन हजार सहाशे ब्याण्णव सेकंद. पंचेचाळीस मिनिटं.

तिचं काही चुकलं नव्हतं. मोडेमचंही काही चुकलं नव्हतं. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती तशीच बसून राहिली. मग तिच्या मनात आलं, बारा डिझाइनं पाठवायची तर नऊ तास लागणार, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. आणि लोटूनाना?

नाना सातला निघतात, एकला पोचतात. सहा तास. डिस्कमध्ये चौऱ्याऐंशी एमबी. तिने भागाकार केला. एका सेकंदाला तीन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी बाइट. मोडेमच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ एकोणचाळीस हजार.

तिने आकडा पुन्हा तपासला. लोटूनाना मोडेमपेक्षा दीडपट वेगाने जात होते.

सोमवारी तिने तो कागद नटुभाईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, कॅल्क्युलेटरवर तपासला आणि ओठ बाहेर काढले. त्यांना माणूस कामावरून काढायची हौस नव्हती. फोनचं बिलही ते मनावर घेत नव्हते. 'आमच्याकडे डिझाइन कॉम्प्युटरने जातं' असं व्यापाऱ्यांना सांगता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी दोन-चार जणांना ते सांगूनही टाकलं होतं.

"कागदावर तो बधुं थाय," ते शेवटी म्हणाले. "करून बघू. गुरुवारी बारा डिझाइन लोटू घेऊन जाईल. तीच बारा तुम्ही इथून पाठवा. साडेसहाला गाडी येईल तुम्हाला घ्यायला. सातला दोघं एकदम चालू."

बातमी खाली गोडाऊनपर्यंत पोचली. गुरुवारी सकाळी चार हमालसुद्धा जिना चढून बघायला आले होते. नानांनी डबा पिशवीत घातला. जयश्री त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि हळूच म्हणाली, "नाना, काळजी करू नका. तुमचंच खरं ठरेल. मी हिशेब केलाय."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

सातला तिने पहिली फाइल सोडली. पावणेआठला ती गेली. साडेआठपर्यंत दुसरी. तिसरीला लाइन छत्तीसाव्या मिनिटाला तुटली. नटुभाई बाजूला बसून होते, त्यांनी स्वतः पाहिलं. "पहिल्यापासून?" "पहिल्यापासून." ते उठून गच्चीत गेले. साडेअकराला पुन्हा तुटली. पंख्याखालीही तिची पाठ घामाने ओली झाली होती. हरण्यासाठी कुणी इतकं जीव तोडून काम करत नसेल, असं तिला वाटलं, पण ती एक मिनिटही उठली नाही. फाइल पाठवण्यात तिने कुचराई केली असं कुणी म्हणायला नको होतं.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. सातवी फाइल निम्मी गेली होती. वाजला तो मोडेमच्या लाइनचा नाही, नटुभाईंच्या टेबलावरचा दुसरा फोन. अहमदाबादच्या कारखान्याचा मॅनेजर होता. डिस्क पोचली, बाराही फाइल उघडल्या, ठीक आहेत. मग नाना लाइनवर आले. धापा टाकत होते.

"पोचनू, सेठ."

एकऐवजी बारा चाळीस. नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी.

हमालांनी टाळ्या वाजवल्या. नटुभाईंनाही हसू फुटलं. ते मनाने वाईट नव्हते, आणि हरण्यातही त्यांना सांगण्यासारखी गोष्ट मिळाली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पाच व्यापाऱ्यांना फोनवर सांगितली. "अमारा लोटू ना, छप्पन के करतां फास्ट!" आणि सहाला जयश्रीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुमचा हिशेब खरा. लोटू चालू. एवढा फास्ट आहे तर आता आठवड्यातून तीनदा पाठवू. दोन डिस्क देऊ, डबल वेग!"

जयश्रीने हिशेबाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. थकलेली होती, तरी शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना पाव किलो जिलेबी घेऊन ती नानांच्या घरी गेली.

दार नानांच्या बायकोने, शोभाबाईंनी उघडलं. जिलेबीचा पुडा त्यांनी घेतला, पण "ये" म्हणाल्या नाहीत. बाजूला सरकल्या एवढंच. आत खाटेवर नाना धोतर गुडघ्याच्या वर घेऊन बसले होते. उजवा गुडघा सुजून गोल झाला होता. शोभाबाई त्यावर गरम मिठाची पुरचुंडी धरत असाव्यात, कारण ती बाजूला स्टोव्हच्या तव्यावर होती.

"काय झालं, नाना?"

"काही नही. टेशनवरच्या पुलाच्या पायऱ्या."

"पायऱ्या!" शोभाबाई म्हणाल्या. "दोन वरीस व्हई गयात या गुडघाले. गाडीम्हा उभं राहीसन जातस. डॉक्टर म्हणे बसा. दिवाळीले हात जोडीसन शेठले सांगं यासनी. शेठ म्हणे, मोडेम येऊ दे लोटू, मग तुला बमरोलीच्या नव्या गोडाऊनच्या फाटकावर खुर्ची देतो. एक तारखेपासून." त्यांनी पुरचुंडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आज दुपारले ती खुर्ची दुसराले दी टाकी त्यासनी. का, तर लोटू फास्ट शे."

जयश्री दाराजवळच्या पाटावर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" तिने नानांना विचारलं.

"काय सांगू तुले," नाना म्हणाले. "तू कागद घीसन फिरत व्हतीस. एवढी खूश. मन्हाकरताच करत व्हतीस ना. माले वाटलं, तुना हिशेब चुकी जाई, मोडेम पुढे जाई, आपोआप व्हई जाई सगळं."

"मी सांगेल व्हतं त्यासले," शोभाबाई मध्येच म्हणाल्या, "अहमदाबादले उतरा, दोन घंटा चहा पीत बठा. कोण इचारस? पण नही."

नाना खाली बघत होते. मग ते थोडे हसले, ओशाळे. "बठणार व्हतू. खरंच बठणार व्हतू. गाडी टेशनात शिरनी आणि माले वाटलं, ते डबडं तठे बशीसन मन्हा पुढे जाई? एकोणीस वरीस मी ने-आण करी. मग पळनू. पुलावरून पळनू, रिक्षा करी." ते गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. "हाराले जीव व्हयना नही, पोरी. माले तुना राग नही शे."

नानांना राग आला असता तर बरं झालं असतं. घरी जाऊन तिने गजेंद्रला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू विचारायला पाहिजे होतंस." एवढंच. तो खरं बोलला होता. सहा वर्षं रोज ज्यांना बघत होती त्यांच्या पायाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस नाना आठवड्यातून तीनदा गेले. एकदा बाकावर जागा मिळाली म्हणून ते खुशीत होते. जयश्रीने नटुभाईंना दोनदा विचारलं, नानांना बमरोलीला पाठवता येणार नाही का? पहिल्यांदा ते म्हणाले, जागा भरली. दुसऱ्यांदा म्हणाले, "जयश्रीबेन, हिशेब तुमचा. कागद तुमचा. मी मशीनचं ऐकत होतो, तुम्ही म्हणालात माणूस फास्ट. आता शुं?"

हिशेब खरा होता. खोटा हिशेब ती करू शकत नव्हती, आणि केला असता तरी कुणी मानला नसता. मग एका दुपारी तिच्या डोक्यात आलं की वेग वाढत नसेल तर ओझं कमी होतं का ते बघावं. तिने पुन्हा किरणला फोन लावला.

"फाइल दाबायचा प्रोग्रॅम आहे ना," तो म्हणाला. "फोटो असेल तर फारसा फरक पडत नाही. पण तुमच्या डिझाइनमध्ये रंग किती?"

"सहा. फार तर आठ."

"मग काय! सपाट रंग. शंभर चौकोन ओळीने लाल असतील तर शंभरदा लाल कशाला लिहायचं? शंभर लाल, असं एकदाच लिहायचं. तो प्रोग्रॅम तेच करतो."

ग्राफ पेपरवर काम करताना जयश्री स्वतः समासात असंच लिहायची, लाल शंभर, पिवळे चाळीस. हे तिला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. इतक्या दिवसांत तिला नीट विचार करायला एक तास मोकळा मिळाला नव्हता, हेही खरं होतं.

किरणने फ्लॉपीवर प्रोग्रॅम दिला. सात एमबीचं डिझाइन दाबून झाल्यावर एक पूर्णांक सहा झालं. सोळा लाख बाइट, भागिले सव्वीसशे. सव्वासहाशे सेकंदही नाहीत. दहा मिनिटं. बारा डिझाइनं दोन तासांत.

ती लगेच उठून नटुभाईंच्या खोलीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. हे त्यांना आत्ता सांगितलं तर नानांचं अहमदाबाद बंद होईल, पण बमरोलीची खुर्चीही गेलेली. मग नाना कुठे बसणार? ती परत आपल्या जागेवर आली. मागच्या वेळी ती कुणाला न विचारता धावली होती. या वेळी ती आधी नानांकडे गेली आणि त्यांना सगळं समजावून विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

नानांनी गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला. "बसाले पाहिजे," ते म्हणाले. "घरी नही. शोभा दिवसभर बोलस." शोभाबाईंनी आतून काहीतरी सुनावलं. "पगार चालू आणि बसाले. बस."

दुसऱ्या दिवशी जयश्री नटुभाईंसमोर उभी राहिली. सहा वर्षांत तिने त्यांच्याकडे एक सुट्टी सोडून काही मागितलं नव्हतं.

"भाई, बारा डिझाइनं दोन तासांत अहमदाबादला पोचवायची रीत मला सापडली आहे. याच मोडेमवरून."

नटुभाई सरळ झाले. "दाखवा."

"आधी लोटूनानांची खुर्ची. मग दाखवते."

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा चेहरा लाल झाला. "तमे मारी सामे शरत मूको छो?"

"हो," ती म्हणाली. आणखी काही बोलायचं तिने ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरली. म्हणून तेवढ्यावरच उभी राहिली.

"हुं किरणने पूछी लईश."

"विचारा. किरण प्रोग्रॅम देईल. रोज बारा डिझाइनं दाबून, पाठवून, लाइन तुटली की पुन्हा लावून, तिकडे उघडून बघायला कोण सांगणार? मी रंग करू का हे करू? माझ्याने दोन्ही होत नाही, भाई. खरंच होत नाही." शेवटचं वाक्य शर्तीत नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, त्याचा तिला रागही आला.

नटुभाईंनी तिला जायला सांगितलं. तीन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "बमरोलीला जागा नथी. मोडेमजवळ बसेल लोटू? आकडा वाचता येतो ना त्याला?"

"आकडा येतो," ती म्हणाली.

एप्रिलच्या शेवटी नाना वरच्या खोलीत बसायला लागले. त्यांच्या पायाखाली कापडाचं एक गाठोडं ठेवलं होतं, गुडघा वर राहावा म्हणून. दहा-बारा दिवसांत ते शिकले. फाइल कुठून उचलायची, फोन कसा लावायचा, लाइन तुटली की कुठली कळ दाबायची. कोपऱ्यातला आकडा ते मोठ्याने वाचायचे, "पंचवीसशे... सव्वीसशे... खाली आला, चोवीसशे," जसं कुणी आजाऱ्याचा ताप बघतं तसं. अहमदाबादच्या मॅनेजरशी ते रोज फोनवर बोलत आणि कारखान्यातल्या सगळ्यांची चौकशी करत. एकोणीस वर्षांची ओळख होती ती, आता आवाजापुरती उरली होती. कधी कधी म्हणत, तिथला स्टेशनबाहेरचा चहावाला आपली वाट बघत असेल.

जयश्रीचं काम मात्र कमी झालं नाही. डिझाइनं दोन तासांत जातात म्हटल्यावर नटुभाईंनी नवे व्यापारी धरले. बाराची अठरा झाली, जूनपर्यंत बावीस. रंग वेगळे करणारे हात तेवढेच होते. आता ती आठला घरी पोचायची. गजेंद्रची आणि तिची भेट भाकरीच्या ताटावर व्हायची आणि दोघंही ताटाकडे बघत जेवायचे. आपण हिशेब शिकलो आणि आपल्याच पाठीवर ओझं वाढवून घेतलं, असं तिला कधी कधी वाटायचं. मग नानांचा गाठोड्यावर टेकलेला पाय दिसायचा आणि ती पुढचा रंग घ्यायची.

जूनमधल्या एका दुपारी पदराचं एक डिझाइन तिने चौथ्यांदा दुरुस्त केलं आणि नानांकडे सरकवलं. नानांनी फोन लावला, शिट्ट्या झाल्या, पट्टी सरकायला लागली.

"दहा मिनिट लागतील," नाना म्हणाले. "डोकं टेक. मी बघतो."

"सेठ येतील."

"येऊ दे. सांगतो, फाइल जाई राहीनी."

तिने कीबोर्ड बाजूला केला, हातांची घडी टेबलावर ठेवली आणि त्यावर कपाळ टेकवलं. बाहेर मिलचा भोंगा होईपर्यंत तिला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. ती दचकून उठली.

"गेली का फाइल?"

नानांनी मधल्या वेळात दुसरी फाइलही पाठवली होती आणि आता तिच्याकडे न बघता तिसरी लावत होते. "मघाशीच गई," ते म्हणाले. "चांगली गई. तोंड धुई ये."

ती उठून मोरीकडे गेली.